स्पिनर डोळ्यांसमोर आणायचा कसा? मिती बदलली की चित्र कसं बदलतं?

पाऊलखूण:

मी एमएस्सी भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डिरॅकचं समीकरण शिकवून झालंय, गॅमा मॅट्रिक्सची गणितं सुटतात, परीक्षेत मार्कही पडतात. पण त्यातला स्पिनर, म्हणजे इलेक्ट्रॉनचं वर्णन करणारी ती राशी, काय आहे ते मला दिसत नाही. सदिश म्हटला की बाण दिसतो. टेन्सर म्हटला की निदान चारी बाजूंनी ताणलेला रबराचा तुकडा दिसतो. स्पिनर म्हटलं की एकाखाली एक चार रकाने, बाकी अंधार.

कोणालाही विचारलं तरी एकच वाक्य ऐकायला मिळतं: ३६० अंश फिरवला की उणे होतो, ७२० अंशांनी मूळ पदावर येतो. हे त्याचं वागणं झालं. तो आहे काय?

रॉजर पेनरोझ यांचं झेंड्याचं चित्र पाहिलंय: प्रकाशशंकूवर (एका बिंदूतून निघालेल्या प्रकाशाच्या सगळ्या वाटांचा शंकू) टेकलेली काठी आणि काठीला धरून एका बाजूला पसरलेला झेंडा. ते मनात बसलं. पण ते ३+१ मितींचं चित्र आहे, म्हणजे अवकाशाच्या ३ आणि काळाची १. मग २+१ मध्ये झेंडा पसरायला जागा कुठे आहे? १+१ मध्ये काय उरतं? आणि ६ किंवा १० मितींत कोणी चित्र काढतं का, की तिथे नुसतं बीजगणितच चालतं? कणांना सूक्ष्म तंतू मानणाऱ्या सुपरस्ट्रिंगच्या संदर्भात ३, ४, ६, १० हे आकडे सारखे वाचनात येतात, ते याच्याशी जोडलेले आहेत का?

एक विनंती. मॅट्रिक्सची व्याख्या नको, ती माझ्या वहीत आहे.

गुलमोहर_सोलापूर:

बाळा, उजव्या तळहातावर अर्धी भरलेली पाण्याची वाटी ठेव. तळहात वरच राहिला पाहिजे, पाणी सांडता कामा नये. आता वाटी बगलेखालून आत ने आणि मागून पुढे आण. वाटीचा एक पूर्ण फेरा झाला, वाटी होती तशी आहे, पण कोपर वर गेलंय आणि खांदा पिळलाय. तिथे थांबू नकोस. त्याच दिशेने आणखी एक फेरा, या वेळी हात डोक्यावरून. आता वाटीही जागेवर आणि हातही सरळ. एका फेऱ्यातला फरक वाटीला कळत नाही, खांद्याला कळतो.

आणि हे नुसतं हाताचं कसब आहे असं समजू नकोस. १९७५ मध्ये राउख आणि वेर्नर यांच्या गटांनी न्यूट्रॉनवर हेच मोजलं. न्यूट्रॉनच्या दोन वाटा करायच्या, एका वाटेवर चुंबकीय क्षेत्राने त्याचा स्पिन फिरवायचा, मग दोन्ही वाटा एकत्र आणायच्या. व्यतिकरणाची तीव्रता मूळ किमतीला आली ती ७२० अंशांनी.

मिरजेची_शिकवणी:

काकांची वाटी करून बघच. खांद्याला जे कळतं ते वाचून कळत नाही. पण वाटी फिरवण्याबद्दल सांगते, आणि तुझा प्रश्न वस्तूचा आहे. शिवाय अवकाशाच्या मिती ३ असोत, ५ असोत की ९, दोन फेऱ्यांनी पीळ सुटतो तो सगळीकडे सारखाच. फक्त सपाट कागदाच्या जगात तो कधीच सुटत नाही, कारण हात डोक्यावरून न्यायला तिथे जागाच नाही. तेव्हा मिती बदलल्यावर चित्र कसं बदलतं ते वाटीतून फारसं हाती लागणार नाही.

मी मिरजेत दहावीच्या मुलांची गणिताची शिकवणी घेते. एमएस्सी भौतिकशास्त्रातच, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात केलं, पुढे तो विषय हातचा सुटला. स्पिनर मला एमएस्सीत दिसला नव्हता. तो दिसला पायथागोरसच्या प्रकरणात.

तुलाही आठवत असेल, दहावीच्या भूमितीत त्रिकुटांचं एक सूत्र आहे. अ आणि ब या दोन नैसर्गिक संख्या घ्यायच्या, अ मोठी. मग अ² + ब², अ² − ब² आणि २अब हे पायथागोरसचं त्रिकूट होतं. २ आणि १ घेतले की ५, ३, ४. ३ आणि २ घेतले की १३, ५, १२. मुलं वर्ग करतात, पडताळा जमतो, पुढच्या उदाहरणाला लागतात. एका वर्षी एका मुलीने हात वर केला. “ताई, बाजू तीन आहेत. मग हे दोन आकडे कोणाचे? त्रिकोणात अ कुठे आहे?” मी तेव्हा “पडताळा बरोबर येतोय ना” म्हणून वेळ मारून नेली, आणि ते मला लागून राहिलं. त्या रात्री माळ्यावरून एमएस्सीच्या वह्या काढल्या.

आता (५, ३, ४) कडे असं बघ. ५ हा काळ. ३ आणि ४ ही अवकाशातली क्ष आणि य. ५² − ३² − ४² = ०. म्हणजे २+१ मितींच्या अवकाशकालात हा प्रकाशाच्या वाटेवरचा सदिश झाला. पुस्तकात याला नल सदिश म्हणतात. मी प्रकाशसदिश म्हणते, कारण ‘शून्य सदिश’ म्हटलं की ऐकणारा सगळे घटक शून्य धरतो. पायथागोरसचं प्रत्येक त्रिकूट हा प्रकाशशंकूवरचा पूर्णांकी बिंदू आहे, आणि (२, १) ही जोडी म्हणजे त्या प्रकाशसदिशाचा स्पिनर. त्या मुलीला दुसऱ्या दिवशी मी हेच सांगितलं, स्पिनर हा शब्द न वापरता: अ आणि ब तुझ्या त्रिकोणात नाहीत, त्यांचा कागद वेगळा आहे.

तो कागद खरोखरच घे. आलेख कागदावर आरंभबिंदूपासून (२, १) पर्यंत निळ्या पेनाने बाण काढ. शेजारच्या आलेख कागदावर (३, ४) पर्यंत लाल बाण. कोनमापक लाव. निळ्याचा कोन साधारण २६.५७ अंश, लालचा ५३.१३. बरोबर दुप्पट. निळ्याची लांबी √५, लालची ५, म्हणजे वर्ग. संमिश्र संख्येचा वर्ग करताना हेच होतं: लांबीचा वर्ग, कोनाची दुप्पट. आणि लाल बाणाची लांबी तीच काळाची किंमत, कारण प्रकाश आहे.

आता लाल बाण अर्धा फेरा फिरव. तो (−३, −४) वर गेला. निळा किती फिरला? पाव फेरा, (−१, २) वर. सूत्रात घालून बघ: १ − ४ = −३ आणि २ × (−१) × २ = −४. जमलं. लाल आणखी अर्धा फेरा फिरव, तो घरी आला, (३, ४). निळा मात्र (−२, −१) वर आहे, नेमका उलट्या तोंडाने. त्याला (२, १) वर परत आणायला लालचा आणखी एक पूर्ण फेरा लागतो. ७२० अंशांचं सगळं गूढ या दोन कागदांवर मावतं. निळा बाण लालच्या निम्म्या कोनाने फिरतो, बाकी काही नाही.

आता झेंडा. (५, ३, ४) सांगितल्यावर निळा बाण ठरतो, फक्त (२, १) की (−२, −१) एवढं ठरायचं राहतं. तेव्हा २+१ मध्ये काठी आहे आणि झेंड्याच्या जागी फक्त एक खूण आहे, अधिक किंवा उणे. पसरायला काही नाहीच, म्हणून जागा शोधायला नको.

तू मॅट्रिक्स नको म्हणालास, तरी एक दाखवते, कारण स्पिनर हे सदिशाचं वर्गमूळ आहे असं जे म्हणतात ते तिच्यामुळे शब्दशः खरं ठरतं. पहिली ओळ: काळ + क्ष, य. दुसरी ओळ: य, काळ − क्ष. आपल्या सदिशासाठी पहिली ओळ ८, ४ आणि दुसरी ४, २. निश्चयक १६ − १६ = ०. हा निश्चयक म्हणजेच काळ² − क्ष² − य², प्रकाशशंकूची अट. निश्चयक शून्य असल्यामुळेच ही मॅट्रिक्स एका उभ्या जोडीचा आणि त्याच आडव्या जोडीचा गुणाकार म्हणून लिहिता येते: उभा (२, १) गुणिले आडवा (२, १), त्याची दुप्पट. वर्गमूळ निघतं ते शंकूवर आहोत म्हणून.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. (अ, ब) वर निश्चयक १ किंवा −१ असलेली कुठलीही वास्तव मॅट्रिक्स चालव. लाल बाजूला ते लोरेन्ट्झ रूपांतर होतं, म्हणजे प्रकाशशंकू तसाच ठेवणारा बदल. उदाहरणार्थ (अ, ब) च्या जागी (२अ − ब, अ) घे. (२, १) चे (३, २) होतात. म्हणजे ३-४-५ चा त्रिकोण ५-१२-१३ चा झाला, आणि लाल बाजूला जे घडलं ते असं: नवा काळ = ३ काळ + २ क्ष − २ य = १५ + ६ − ८ = १३. बेरग्रेन नावाच्या स्वीडिश गणितज्ञाने १९३४ मध्ये दाखवलं की ३-४-५ पासून अशा तीनच कृती पुन्हा पुन्हा करत गेलं तर सामाईक विभाजक नसलेली सगळी त्रिकुटं मिळतात, प्रत्येक एकदाच. बाकीच्या दोन कृती म्हणजे (२अ + ब, अ) आणि (अ + २ब, ब). लाल बाजूला या तिन्ही कृतींच्या तीन बाय तीन मॅट्रिक्स आठवताना माझी आजही चूक होते. निळ्या बाजूला त्या चौथीतल्या मुलालाही तोंडी करता येतात. स्पिनर कशासाठी, याचं मला सापडलेलं सगळ्यात सरळ उत्तर हे आहे.

१+१ चं थोडक्यात सांगते. तिथे प्रकाशाला दोनच दिशा, उजवी आणि डावी. उजव्या प्रकाशासाठी काळ + क्ष ही एक संख्या, स्पिनर म्हणजे तिचं वर्गमूळ. फिरणं नावाची गोष्टच नाही, तेव्हा ३६० आणि ७२० ची कथाही नाही. उरतं फक्त बूस्टचं, म्हणजे निरीक्षकाचा वेग बदलण्याचं, अर्धेपण: डॉप्लरने प्रकाशसदिश जितक्या पटींनी ताणला जातो, स्पिनर त्याच्या वर्गमुळाइतका. मला वाटतं स्पिनर हा फिरण्याशीच बांधलेला आहे हा समज इथे सुटतो. एली कार्तां यांना स्पिनर भूमितीतून सापडले ते १९१३ मध्ये, इलेक्ट्रॉनच्या स्पिनची कल्पना मांडली जाण्याच्या बारा वर्षं आधी. ‘स्पिनर’ हे नाव पुढे एरेनफेस्ट यांनी दिलं.

आणि ३+१. अ आणि ब वास्तव होत्या, आता त्यांना संमिश्र होऊ दे. मॅट्रिक्सच्या कोपऱ्यात एका ‘य’ च्या जागी संमिश्र संख्या आली, तिचे दोन भाग म्हणजे अवकाशाच्या दोन दिशा, म्हणून एक मिती वाढली. काठी तशीच मिळते. पण आता (अ, ब) ला एकाच कलेने, म्हणजे लांबी १ असलेल्या संमिश्र संख्येने, गुणलं तरी काठी हलत नाही. २+१ मध्ये अशी मोकळीक फक्त ±१ ची होती, इथे अख्ख्या वर्तुळाची आहे. ते वर्तुळ म्हणजे काठीभोवती झेंड्याने कुठे तोंड करायचं त्याचा कोन. कला १० अंशांनी बदलली तर झेंडा २० अंश वळतो, म्हणून कला १८० अंशांनी बदलल्यावर झेंडा जागेवर येतो आणि स्पिनर उणे. तुझा झेंडा माझ्या ± खुणेचाच मोठा भाऊ आहे.

एक काम कर. प्रकाशकण (५, ३, ४) घे. −क्ष दिशेने प्रकाशाच्या ३/५ वेगाने धावणाऱ्या निरीक्षकाला तो कसा दिसेल ते निळ्या कागदावर काढ. क्षच्या दिशेचा बूस्ट अ ला ताणतो आणि ब ला तितक्याच पटीत आवळतो.

पाऊलखूण:

ताई, दोन आलेख कागद भिंतीला टाचणीने लावलेत. (−१, २) ला लाल बाण (−३, −४) वर गेला तेव्हा अंगावर काटा आला. दोन वर्षं मी हे फक्त सूत्रात पाहत होतो.

पण बूस्टमध्ये अडकलोय. वेग ३/५, म्हणजे डॉप्लर गुणक १.६ भागिले ०.४ चं वर्गमूळ, २. म्हणून अ ला २ ने गुणलं, ब ला २ ने भागलं. (२, १) चे (४, १/२). काळ = १६ + १/४ = १६.२५. क्ष = १५.७५. य = २ × ४ × १/२ = ४. य बदलला नाही ते योग्यच. पण लोरेन्ट्झच्या सूत्राने थेट काढलं तर काळ = ५/४ × (५ + ३/५ × ३) = ८.५ येतो. रात्री एक वाजेपर्यंत तपासलं, आकडेमोड बरोबर आहे. मग चुकलंय काय?

मिरजेची_शिकवणी:

तुझी आकडेमोड बरोबर आहे, वेग दुसरा पकडला गेलाय. डॉप्लरचा २ हा प्रकाशसदिशाचा गुणक आहे. स्पिनरचा √२. अ = २√२ आणि ब = १/√२ घेऊन बघ: काळ = ८ + १/२ = ८.५, क्ष = ७.५, य = ४. फिरवताना निम्मा कोन तू बरोबर घेतलास, बूस्टमध्ये निम्मं विसरलास. सगळ्यांचं इथेच होतं, माझंही झालं होतं.

आणि तू काढलेलं उत्तर टाकून देऊ नकोस. ते वेग १५/१७ चं अगदी बरोबर उत्तर आहे. तिथे डॉप्लर गुणक ४, त्याचं वर्गमूळ २. (१५/१७ म्हणजे ८-१५-१७ चं त्रिकूट, तेही बेरग्रेनच्या झाडावर पहिल्याच फांदीला आहे.)

आता भिंतीवरच्या निळ्या कागदावर (२, १), (२√२, १/√२) आणि (४, १/२) असे तिन्ही बिंदू मांड आणि हलक्या हाताने जोड. प्रत्येक ठिकाणी अ × ब = २ आहे. निळ्या बाणाचं टोक एका अपास्तावरून घसरत क्ष अक्षाकडे चाललंय. फिरवलं की टोक वर्तुळावर चालतं, बूस्ट दिला की अपास्तावर. दोन्ही एकाच कागदावर, एकाच पेनाने. ३+१ चं झेंड्याचं चित्र सुंदर आहे, पण बूस्ट इतका उघड तिथे दिसत नाही, म्हणून मी प्रत्येकाला आधी २+१ करायला सांगते.

त्याच कागदावर अजून एक आहे. ब/अ काढ. आधी १/२ होतं, १५/१७ च्या बूस्टनंतर १/८ झालं. ब/अ म्हणजे लाल कोनाच्या निम्म्याचा टॅन. प्रकाशाची दिशा ५३.१३ अंशांवरून १४.२५ अंशांवर आली. पावसात गाडी पळवली की थेंब समोरून येतात तसंच हे, प्रकाशाच्या बाबतीत त्याला अपेरण म्हणतात. त्याच्या सूत्रात निम्म्या कोनाचा टॅन का येतो हे मला एमएस्सीत कोणी सांगितलं नव्हतं. तो निम्मा कोन स्पिनरचा आहे. ३+१ मध्ये हीच ब/अ संमिश्र होते आणि आकाशाच्या गोलावरचा एकेक तारा होते. निरीक्षकाचा वेग बदलला की त्या गोलावर मोबियस रूपांतर होतं आणि वर्तुळाचं वर्तुळच राहतं. वेगाने जाणाऱ्या चेंडूची कड गोलच दिसते हे पेनरोझ यांनी १९५९ मध्ये दाखवलं, ते यावरूनच.

उत्तररात्र:

मी जर्मनीत पोस्टडॉक करतो, उच्च मितींतल्या स्पिनरांवर रोज काम असतं. ताईंची मॅट्रिक्सच पुढे नेतो, म्हणजे पाऊलखूणच्या ३, ४, ६, १० चं उत्तर मिळेल.

मॅट्रिक्सच्या कर्णावर दोन वास्तव संख्या आहेत, काळ + क्ष आणि काळ − क्ष. कोपऱ्यात जी संख्या बसेल तितक्या जास्तीच्या मिती. वास्तव बसवली तर २ + १ = ३. संमिश्र बसवली तर २ + २ = ४. क्वाटर्नियन, म्हणजे चार भागांची संख्या, बसवला तर २ + ४ = ६. ऑक्टोनियन, म्हणजे आठ भागांची, बसवला तर २ + ८ = १०. यादी इथे संपते. कारण स्पिनरच्या वर्गाने शंकूवरच बसायचं असेल तर अ आणि ब च्या लांबींचा गुणाकार हा त्यांच्या गुणाकाराच्या लांबीइतका असायला हवा, आणि असा गुणाकार फक्त १, २, ४ आणि ८ मितींत शक्य आहे, हे हर्विट्झ यांनी १८९८ मध्ये सिद्ध केलं. दोन वर्गांच्या बेरजेला दोन वर्गांच्या बेरजेने गुणलं तर पुन्हा दोन वर्गांची बेरीज येते, हे ब्रह्मगुप्ताच्या ६२८ मधल्या नियमातून निघतं. चार वर्गांचं तसं सूत्र ऑयलर यांनी १७४८ मध्ये दिलं, आठ वर्गांचं डेगेन यांनी १८१८ मध्ये. ३, ४, ६, १० च्या मुळाशी वर्गांची हीच सूत्रं आहेत.

झेंड्याचं काय होतं? काठी न हलवता स्पिनरला किती मोकळीक उरते ते मोजायचं. २+१ मध्ये दोन बिंदू. ३+१ मध्ये वर्तुळ. ५+१ मध्ये तीन मितींचा गोल, एकक क्वाटर्नियनांचा. आता एकक क्वाटर्नियन म्हणजे तीन मितींतलं एक फिरवणं, ± सोडून. म्हणून तिथे काठीला एका झेंड्याऐवजी तीन झेंड्यांची एक कडक चौकट जोडलेली असते, टेबलाच्या कोपऱ्यात तीन कडा भेटतात तशी, आणि ती चौकट कशीही वळू शकते. मी स्वतः ६ मितींचं गणित करताना हेच चित्र डोळ्यांसमोर ठेवतो: काठी, तिच्यावर चौकट, आणि काकांची वाटी त्या चौकटीत ठेवलेली. ९+१ मध्ये मोकळीक सात मितींच्या गोलाची. तिथे कंस कुठे घातला यावर ऑक्टोनियनांचा गुणाकार बदलतो, म्हणून हात सावरून काम करावं लागतं, पण काठी तशीच उभी राहते. होप्फ यांनी १९३१ मध्ये संमिश्र संख्यांसाठी जे गोलावरून गोलावर जाणं दाखवलं, त्याचीच ही चार भावंडं आहेत: वर्तुळावरून वर्तुळावर, ३ वरून २ वर, ७ वरून ४ वर, १५ वरून ८ वर. उजवीकडचा प्रत्येक गोल म्हणजे त्या मितीतल्या निरीक्षकाचं आकाश.

इतर मितींत हे इतकं नेटकं नाही आणि तसं भासवूही नये. ४+१ किंवा १०+१ मध्ये स्पिनरचा वर्ग केला की सदिश शंकूवरच येईल असं नाही, तो शंकूच्या आतही जातो. तिथे मी काठीचं चित्र सोडून कार्तां यांच्या दुसऱ्या चित्राकडे जातो: शुद्ध स्पिनर म्हणजे असं सगळ्यात मोठं सपाट पटल, ज्यातला प्रत्येक सदिश स्वतःशी आणि बाकीच्यांशी लंब आहे. संमिश्र भूमितीत ६ मितींपर्यंत उजव्या किंवा डाव्या, कुठल्याही एकाच हाताचा प्रत्येक स्पिनर शुद्ध असतो. ८ मितींत एक अट पाळावी लागते. १० मितींत १६ घटकांपैकी शुद्धांचा पसारा फक्त ११ मितींचा असतो, आणि बेर्कोवित्स यांनी २००० पासून सुपरस्ट्रिंगची एक अख्खी मांडणी या शुद्ध स्पिनरांवर उभी केली आहे.

आणि तुझे चार रकाने. डिरॅकचा स्पिनर म्हणजे दोन काठ्या, एक उजव्या हाताची, एक डाव्या हाताची. ताईंच्याच आकड्यांत सांगतो: एक काठी (५, ३, ४) आणि दुसरी (५, −३, −४). बेरीज (१०, ०, ०). दोन्ही प्रकाशाच्या वेगाने विरुद्ध दिशांना जातायत, बेरीज जागच्या जागी उभी आहे. स्थिर इलेक्ट्रॉनचं चित्र हेच, आणि त्या दोन काठ्या ज्या रेषेवर आहेत ती त्याच्या स्पिनची रेषा.

पाऊलखूण:

(१०, ०, ०) वाचून खुर्चीतून उठलो. चार रकाने म्हणजे दोन काठ्या आणि दोन झेंडे, एवढंच ते होतं तर.

ताई, शेवटचं एक विचारतो. झाड वाढवताना मी सहज (३, १) घेऊन पाहिला. १०, ८, ६ आलं. ते ५, ४, ३ चं दुप्पट आहे. (२, १) ने ३, ४ दिलं होतं, इथे ४, ३ आलं, बाजू उलट्या आणि आकार दुप्पट. हा योगायोग आहे का?

मिरजेची_शिकवणी:

योगायोग मुळीच नाही. (३, ४) चं (४, ३) कसं होतं? ४५ अंशांच्या रेषेवर आरसा उभा केला की क्ष आणि य ची अदलाबदल होते. लाल कागदावर आरसा ४५ अंशांवर, मग निळ्या कागदावर किती अंशांवर असेल ते तू आता न विचारता सांगशील. साडेबावीस. (२, १) चं साडेबावीस अंशांच्या आरशातलं प्रतिबिंब काढ, (३/√२, १/√२) येतं. तुझा (३, १) तोच, फक्त √२ पट लांब, म्हणून त्रिकूट दुप्पट. ३-४-५ च्या स्पिनरमध्ये एक सम आणि एक विषम संख्या आहे. बाजू उलटल्या की दोन्ही विषम होतात आणि तो √२ मधे येतो. (५, १२) उलटून बघ, (५, १) भागिले √२ मिळेल.

आता निळ्या कागदावर दोन आरसे काढ, एक ० अंशांवर आणि एक साडेबावीसवर, आणि (२, १) आधी पहिल्यात, मग दुसऱ्यात पाड. ४५ अंशांचं फिरवणं मिळेल, लाल कागदावर ते ९० चं होईल. दुसरा आरसा हळूहळू पुढे सरकवत १८० अंशांवर ने. तिथे तो पुन्हा पहिल्याच रेषेवर येतो, निळा बाण घरी आलेला असतो, आणि लालने त्या वेळात दोन फेरे मारलेले असतात. ९० वर थांबून मधली अवस्थाही बघ, आणि निळा बाण कुठे आहे ते लिहून पाठव.